उजवा मागचा पाय

मे महिना लागला आणि आमच्या सफरचंदाच्या बागेत फादर येऊ लागला.

फादर म्हणजे हरीण. नाव मीच ठेवलं. आमच्या चर्चमधल्या खऱ्या फादरांच्या नाकात धूप गेला की ते आधी मान खाली घालतात, मग डोकं झटकतात आणि मग असे शिंकतात की शेवटच्या बाकावर पेंगणारी बाई दचकून जागी होते. हा नर अगदी तसंच करायचा. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, गवत वाळवायच्या लाकडी मांडवाशी यायचा. मान खाली, झटका, शिंक. मग नाक खांबाला घासायचा, मांडवाभोवती चकरा मारायचा, मध्येच कारण नसताना उडी घ्यायचा आणि दमला की धापा टाकत तिथेच उभा राहायचा. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तरी पळायचा नाही. डोक्यावर उजवीकडे छान सरळ, फाटे फुटलेलं शिंग होतं. डावीकडे मात्र कानावर लोंबणारं काहीतरी वेडंवाकडं होतं, वाळलेल्या मिरचीसारखं.

मला तो आवडायचा. काम करताना जवळपास कुणी असलं की बरं वाटतं, आणि हा सोबत करायचा पण सल्ला द्यायचा नाही. आमच्या घरात हा गुण दुसऱ्या कुणात नाही.

माझा नवरा लुडविक दरीतल्या शिकारमंडळाचा प्रमुख आहे. त्रिग्लाव डोंगराच्या पायथ्याला राहायचं आणि शिकारमंडळात नसायचं हे इथल्या पुरुषांना जमत नाही, आणि मंडळात असून लुडविकचं ऐकायचं नाही हेही जमत नाही. तो सकाळची कॉफी दुर्बिणीतून पितो म्हटलं तरी चालेल. फादरला त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच पाहिलं.

"डोक्यात किडा आहे त्याच्या," तो म्हणाला.

"कुणाच्या डोक्यात नाही?" मी म्हटलं.

"थट्टा नको, झोफ्का. चकरा बघ कशा मारतोय. माणसाला भीत नाही. आणि ते शिंग! रक्तच खराब आहे. असल्या नराला पुढं पिलं झाली तर सगळ्या दरीत वाकडी शिंगं दिसतील." त्याने दुर्बीण खाली ठेवली आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "नेझाला हाच द्यायचा. पहिला नर!"

नेझा आमची एकुलती एक मुलगी. चीजच्या कारखान्यात कामाला आहे. वर्षभर तिने मंडळात उमेदवारी केली. जंगलात मिठाचे खडे वाहून नेले, मोडकी मचाणं दुरुस्त केली, हिवाळ्यात परीक्षाही पास झाली. आमच्या मंडळात आजवर बाई कधी नव्हती. आता फक्त पहिला नर पाडायचा बाकी होता. तो पाडला की नव्या शिकाऱ्याला ओंडक्यावर पालथं झोपवतात, हेझलच्या झाडाच्या काठीने तीन फटके देतात, शपथ घेववतात आणि मग प्रमुख स्वतःच्या हाताने त्याच्या टोपीत स्प्रूसच्या झाडाची डहाळी खोवतो. ती डहाळी नेझाच्या टोपीत खोवायची म्हणून लुडविक किती दिवस वाट बघत होता, ते मला विचारा. झोपेत हात हलवायचा. शनिवारी दुपारी समारंभ आहे असं त्याने सगळ्या मंडळाला सांगूनही टाकलं. नर अजून जिवंत होता, पण गुलाशच्या रश्श्यासाठी मांस भिजत घालायला मला सांगून झालं होतं.

आमच्याकडे नियमच आहे, आजारी आणि वेडावाकडा आधी पाडायचा. त्यात चूक काही नाही. तरी त्या दिवशी कपडे वाळत घालताना मला फादरकडे बघवेना.

नेझा पहाटे मचाणावर जाऊन बसली आणि न्याहारीच्या वेळेला परत आली. बंदुकीचा आवाज काही आला नव्हता. तिने टेबलावर, पावाच्या शेजारीच, जॅमची रिकामी बरणी ठेवली. आत बोटाच्या पेराएवढ्या जाड, पिवळट अळ्या वळवळत होत्या.

"नेझा! जेवायच्या टेबलावर?"

"आई, बघ तरी. तो अगदी मचाणाखाली आला होता. मी नेम धरला, आणि तो शिंकला. शिंकला तशी नाकातून ही पडली. परत शिंकला, परत एक. मी बंदूक बाजूला ठेवली आणि खाली उतरून गवतातून वेचून आणल्या. बाबा, डोक्यात किडा नाहीये. नाकात अळ्या आहेत."

लुडविकने बरणी उजेडात धरली. माणूस हट्टी आहे, पण आंधळा नाही. "हं. नाकातल्या माशीच्या अळ्या. उन्हाळ्यात माशी उडता उडता नाकात सोडून जाते. हिवाळाभर घशात वाढतात आणि आता बाहेर पडतात."

"म्हणजे पडतच आहेत ना? काही दिवसांत मोकळा होईल. पळत नाही तो धीट आहे म्हणून नव्हे, श्वास पुरत नाही म्हणून."

"आणि शिंग?" लुडविक म्हणाला. "शिंगही शिंकून पडणार आहे का?"

 नेझा लाल झाली. बापलेक दोघं एकाच मातीची, दोघांचे कान आधी तापतात.

"मला तो मारावासा वाटत नाही."

"वाटण्याचा प्रश्न नाही. शिकारी व्हायचंय ना? हव्याहव्याशा सुंदर नरावर कुणीही गोळी झाडेल. जो काढायला हवा तो काढतो तो शिकारी. शनिवारच्या आत काढ. नाहीतर मंडळातला विंको काढेल, आणि तू आणखी वर्षभर मीठ वाहा."

ती बरणी उचलून निघून गेली. दारही आपटलं. मी पाव उचलून दुसरीकडे ठेवला.

शुक्रवारी मी मांडवापाशी घोंगड्या झटकत होते. फादर पलीकडच्या खांबाला नाक घासत होता. मग त्याने मागचा पाय उचलून कान खाजवला, तेव्हा मला दिसलं. उजव्या मागच्या पायाचा अर्धा खूर नव्हता. वर केस न उगवलेला एक पांढरा पट्टा होता, तिरपा, विळ्याने ओढावा तसा. आणि मी घोंगडी हातात धरून तशीच उभी राहिले, कारण तो पट्टा कुणी ओढला ते मला माहीत होतं.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे गवत कापायच्या आदल्या संध्याकाळी शेतातून चालत जायचं असतं. हरणी आपली पिलं उंच गवतात लपवून ठेवते आणि पिलं काही केल्या हलत नाहीत, यंत्र अंगावर आलं तरी हलत नाहीत. म्हणून आधी चालायचं, पिलू दिसलं तर माणसाचा वास लागू नये म्हणून हातात गवत घेऊन उचलायचं आणि रानाच्या कडेला ठेवायचं. हा नियम दरीत लुडविकनेच कडक केला. त्याच वर्षी विंको चालायला विसरला होता, त्याच्या यंत्राखाली पिलू आलं. लुडविकने त्याला मंडळाच्या कोर्टासमोर उभा केला, सगळ्यांना वाइन पाजायची शिक्षा दिली आणि वर पुढं कितीतरी दिवस, "काय विंको, आज चाललास का?" म्हणून त्याला टोमणे मारले. आणि मग पाऊस येणार म्हणून घाईघाईत स्वतः न चालता यंत्र काढलं ते याच लुडविकने.

पिलू ओरडलं तेव्हा मी बांधावर होते. पात्याने मागचा पाय चिरला होता. लुडविकने हातात गवत घेऊन त्याला उचललं. त्याचे हात इतके थरथरत होते की गवत गळून पडत होतं. मी घरातून पेअरची दारू आणून जखमेवर ओतली. पिलू रानाच्या कडेला ठेवून आम्ही घरी आलो. आईने त्याला घेतलं की कोल्ह्याने नेलं, कळलं नाही. "झोफ्का, कुणाला बोलू नकोस," एवढंच लुडविक म्हणाला, आणि रात्री जेवला नाही. मी बोलले नाही. नवऱ्याची एवढी एक गोष्ट पोटात ठेवायला जड जात नाही.

म्हणजे आपला फादर तेच पिलू होता. कोल्ह्याने नेलं नव्हतं! मला इतका आनंद झाला की मी घोंगडीसकट मांडवाला टेकून हसत सुटले. तो शिंकला.

मी तडक लुडविककडे गेले. तो समारंभाची काठी सोलत बसला होता.

"लुडविक, त्या नराकडे जरा नीट बघ. पाय बघ त्याचे."

"शिकारीचं मी बघतो, झोफ्का. तू गुलाशचं बघ."

झालं. मी काही रागीट बाई नाही, असं मी स्वतःला सांगत असते. पण हे वाक्य कुणीही ऐकवावं आणि मी पुढं समजूत घालत बसावं, एवढी मी साधीही नाही. म्हटलं, ठीक आहे. गुलाशचंच बघते.

शनिवारी दुपारी सगळे मंडळाच्या झोपडीत जमले. हिरव्या टोप्या, लांब टेबल, दारात उन्हात ठेवलेला तो ओंडका. मी पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, कापून ठेवली होती, गुलाश मंद आचेवर होता, मक्याचा पोलेंटा ढवळत होते. बाहेर सगळे एकमेकांना "नजर चांगली राहो!" म्हणत हात मिळवत होते. शिकाऱ्यांचा नमस्कारच तो.

नर मात्र नव्हता. नेझा टोपी हातात घेऊन उभी होती. शुक्रवारी संध्याकाळीही ती मचाणावर बसली होती, फादर समोर आला होता, आणि तिने नुसतं बघितलं.

विंकोला आयतं कोलीत मिळालं. तो टेबलावर थाप मारून उभा राहिला. "मंडळाचं कोर्ट भरवा! आरोपी नेझा. मारायचा ठरलेला नर जिवंत सोडल्याचा आरोप!"

सगळे हसले. असलं कोर्ट आमच्याकडे नेहमी भरतं. कुणी चुकून शेजाऱ्याची शेळी टिपली, कुणी मचाणावर घोरला, की कोर्ट. लुडविकने न्यायाधीशाची भलीमोठी टोपी डोक्यावर चढवली. पण तो हसत नव्हता. त्याच्या खिशातून स्प्रूसची डहाळी डोकावत होती.

"आरोपीने काय पाहिलं?" विंकोने विचारलं.

"नर शिंकत होता," नेझा म्हणाली आणि बरणी टेबलावर ठेवली. बरणी हातोहात फिरली. मंडळातले सगळ्यात म्हातारे अलोइझकाका तिच्यात डोकावले आणि त्यांनी पोतित्साचा तुकडा हळूच ताटात परत ठेवला.

"सर्दी झाली म्हणून गुन्हेगार सुटत नसतो," विंको म्हणाला. "माझ्या सासूबाई हिवाळाभर शिंकतात."

"त्यांना कुणी गोळी घालत नाही ना पण," नेझा म्हणाली.

"त्यांची शिंगं सरळ आहेत!"

झोपडी दणाणली. मला स्वयंपाकघराच्या दारातून लुडविकचा चेहरा दिसत होता. हसं ओसरल्यावर त्याने हात वर केला आणि तो कोर्टाच्या नव्हे, आपल्या रोजच्या आवाजात बोलला. "अळ्यांचं नेझाचं बरोबर आहे. पण वाकडं शिंग हे खराब रक्त. हे मी तुम्हाला शिकवलंय, आता स्वतःच्या मुलीसाठी बदलू का? उद्या सकाळी नर पाडायचा. नेझा पाडत नसेल तर विंको पाडेल, आणि नेझा अजून एक वर्ष उमेदवार." शेवटचे शब्द त्याने टेबलाकडे बघत म्हटले. खिशातली डहाळी त्याने आत ढकलली.

नेझाने ओठ दाबले. ती रडणार नव्हती, मला माहीत होतं, पण हनुवटी हलत होती. मी डाव हातात घेऊन दारात आले.

"कोर्टाला एक विचारायचंय."

"स्वयंपाकघराला कोर्टात बोलायचा हक्क नाही," विंको म्हणाला.

"मग कोर्टाला गुलाशही नाही."

"बोलू द्या, बोलू द्या," अलोइझकाका घाईने म्हणाले.

मी लुडविककडे बघितलं. काय बोलायचं ते मी सकाळपासून ठरवत होते. सगळं सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं होतं, पण दारात उभं राहिल्यावर मला त्याचे ते थरथरणारे हात आठवले. विंकोसमोर मी ते सांगायचं, हे मला नको वाटलं. "लुडविक," मी म्हटलं, "तू इतकी वर्षं या सगळ्यांना शिकवतोस. एकच शिंग बिघडलेलं असलं, तर आधी काय बघायचं?"

त्याने विचारसुद्धा केला नाही. "दुसऱ्या बाजूचा मागचा पाय. मागचा पाय दुखावला की विरुद्ध बाजूचं शिंग बिघडतं. हे तर पोरासोरांनाही..."

तो थांबला.

"तू बघितलास?" मी विचारलं.

 सगळ्यांनी नर पाहिला होता. दुर्बिणीतून पाहिला होता, मांडवाजवळ जाऊन पाहिला होता. शिकारी तो शिकारी, नजर थेट शिंगावर, मानेच्या खाली कशाला जाईल? पाय मी पाहिला होता, कारण मला शिंगांशी काही देणंघेणं नव्हतं.

"डावं शिंग वाकडं आहे," लुडविक सावकाश म्हणाला. "म्हणजे उजवा मागचा पाय." मग तो माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली. "चिरलेला?" त्याने विचारलं, इतक्या हळू की जवळ बसलेल्यांनाच ऐकू गेलं असेल.

"अर्धा खूर नाही. वर तिरपा पट्टा."

त्याला कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला काय कळलं ते बाईला कळतं. आता तो गप्प बसला असता तरी चाललं असतं. पाय दुखावलेला आहे, रक्त खराब नाही, निकाल रद्द, वाइन ओता. पाय कुणी चिरला ते आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि मी तर सांगणार नव्हतेच. मी डाव घट्ट धरून उभी होते.

लुडविकने न्यायाधीशाची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ते पिलू मी कापलं होतं," तो म्हणाला. "गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात. आदल्या संध्याकाळी शेतातून चाललो नव्हतो. विंको, तुला शिक्षा केली त्याच उन्हाळ्यात."

विंकोचं तोंड उघडंच राहिलं. आता हा काय काय म्हणेल, देव जाणे. तो उठला, टेबलाला वळसा घालून लुडविकसमोर उभा राहिला.

"काय लुडविक," तो म्हणाला, "आज चाललास का?"

लुडविक हसला. खरं हसला, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. विंकोने त्याला मिठी मारली आणि लगेच ओरडला, "ओंडक्यावर घ्या याला!"

कोर्टाचा प्रमुख ओंडक्यावर पालथा झोपला. काठी त्यानेच सोललेली होती. अलोइझकाकांनी ती नेझाच्या हातात दिली. पहिला फटका न चाललेल्या शेतासाठी, दुसरा न बघितलेल्या पायासाठी. नेझाचे फटके म्हणजे गवतावरची माशी हाकलल्यासारखे. तिसऱ्याला मी म्हटलं, "इकडे आण."

"हा कशासाठी?" लुडविक मान वळवून म्हणाला.

"गुलाशचं बघ म्हणालास ना? बघतेय." आणि हाणला. तो ओरडला, झोपडी दणाणली, मला फार बरं वाटलं.

मग तो उठला, पँट झटकली आणि खिशातली डहाळी बाहेर काढली. बरीच चुरगळली होती. तो अलोइझकाकांकडे वळला. "काका, प्रमुख म्हणून नाही विचारत. पहिला नर पाडल्याशिवाय ही कधी कुणाला दिलीय का आपण?"

"नाही दिली," काका म्हणाले. "पण पहिल्या नराला ओळखल्याबद्दल द्यायची नाही, असंही कुणी म्हटलेलं नाही. दे आणि जेवायला बसू दे."

लुडविकने नेझाच्या टोपीत डहाळी खोवली. एरवी तो कशातच हलत नाही, पण ती एवढीशी डहाळी त्याला फितीत बसवता येईना. नेझाने त्याचे हात धरले आणि दोघांनी मिळून ती बसवली. मी गुलाश वाढायला आत गेले, कारण तो आता खरंच लागायला आला होता.

फादर नंतर काही दिवस येत राहिला. शिंका कमी होत गेल्या, चकरा थांबल्या. आणि एक दिवस मी कपडे घेऊन बाहेर आले, तर त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि एका उडीत रानात गेला. बरा झाला आणि ओळख विसरला. मला आनंद झाला आणि थोडा रागही आला. इतके दिवस मी त्याला माझा सोबती समजत होते, आणि तो बिचारा फक्त श्वास शोधत होता.

जूनमध्ये गवत कापायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे शेतातून चाललो. लुडविक एका टोकाला, विंको दुसऱ्या, मध्ये मी, नेझा आणि अलोइझकाका. कमरेइतक्या गवतातून हळूहळू, ऊन अजून डोंगरावर होतं. नेझाला एक पिलू सापडलं. तिने गवत हातात घेऊन ते उचललं आणि रानाच्या कडेला नेलं.

तिथेच झाडांच्या सावलीत एक नर उभा राहिला. आम्हाला बघून त्याने पाय आपटला. लुडविकने दुर्बीण डोळ्यांना लावली. मी त्याच्या शेजारी होते, मला दुर्बिणीचं तोंड दिसत होतं. ते शिंगांवर गेलंच नाही. आधी खाली गेलं, गवताच्या वर, पायांपाशी, आणि तिथे खूप वेळ थांबलं.

"पाय टेकतोय," लुडविक म्हणाला. "झोफ्का, पूर्ण टेकतोय."

"नजर चांगली राहो," मी म्हटलं, आणि आम्ही पुढे चालू लागलो.